बंद पडलेली नळी आणि दोन्ही बाजूंनी आलेल्या दुर्बिणी

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की डॉक्टरांनी उलटं सांगितलं तरी मन मानत नाही. पण किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी, म्हणजे युरेटर, पूर्ण बंद झाली की असंच उलटं होतं. सुरुवातीला कमरेत कळ येते कारण किडनी लघवी तयार करतच राहते, ती पुढे जात नाही, आत प्रेशर वाढत जातं. मग काही तासांतच किडनीकडे येणारा रक्तपुरवठा कमी व्हायला लागतो, गाळण्याचं काम मंदावतं, आणि काम मंदावलं की प्रेशरही उतरतं. म्हणजे कळ थांबली ती किडनीने हात टेकले म्हणून. दुसरी किडनी चांगली असेल तर लघवी नेहमीसारखी होते, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही फारसं हलत नाही, आणि घरात कुणालाच काही कळत नाही.

माझ्या ताईचं अगदी असंच झालं. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं, फायब्रॉइड मोठे होते आणि आत बरंच चिकटलेलं होतं. नंतर डावीकडे कमरेत दुखत होतं, थोडा ताप आला, मग दोन्ही गेलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काही आठवड्यांनी एका रुटीन सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी प्रोब तिथेच धरून ठेवला आणि विचारलं, कमरेत कळ कधी आली होती का हो? तेव्हा कुठे त्या जुन्या दुखण्याची आठवण निघाली.

ही नळी जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर रुंद असते. किडनीपासून निघून मागच्या बाजूने खाली येते, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून उतरते आणि ओटीपोटात गर्भाशयाच्या धमनीच्या खालून जाऊन मूत्राशयात शिरते. गर्भपिशवी काढताना ती धमनी बांधावीच लागते, आणि नळी तिथून बोटभर अंतरावर असते, चिकटलेलं असेल तर तेवढंही नसतं. टाका जवळ पडला, किंवा रक्त थांबवायला वापरलेल्या उपकरणाची उष्णता नळीपर्यंत पोचली, तर काही दिवसांनी तिथे व्रण तयार होतो आणि नळी आवळत जाते. चांगल्या हातांनीही हे होऊ शकतं. माझी तक्रार एवढीच आहे की कमरेतली कळ सांगितल्यावर त्याच दिवशी सोनोग्राफी व्हायला हवी होती, पाच मिनिटांचं काम होतं ते.

कारण वेळ हा इथे सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कुत्र्यांवरचे जुने प्रयोग आहेत, त्यात एका बाजूची नळी पूर्ण बंद करून मग मोकळी केली. दोन आठवड्यांनी मोकळी केली तर किडनीचं काम साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत परत आलं, चार आठवड्यांनी तीसच्या आसपास, आणि सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. माणसांत याहून उशिरा मोकळी केलेली किडनीही थोडीफार परत आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डॉक्टर लगेच आशा सोडत नाहीत, पण उद्या बघू असं म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही. आणि बंद किडनीत इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला, तर ती सरळ इमर्जन्सी असते, कारण प्रेशरखाली अडकलेला पू रक्तात जाऊ शकतो. अशा वेळी आधी निचरा करतात, बाकीचं सगळं नंतर.

निचरा म्हणजे पाठीतून नळी. नेफ्रोस्टॉमी म्हणतात, हॉस्पिटलात सगळे पीसीएन म्हणतात. पालथं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत किडनीत सुई घालायची, सुईतून वायर, वायरवरून नळी, आणि नळीला पिशवी. १९५५ साली विलार्ड गुडविन यांनी फुगलेल्या किडनीसाठी ही पद्धत मांडली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. ताईच्या पिशवीत पहिल्या दिवशी लालसर आणि मग हळूहळू स्वच्छ पिवळी लघवी यायला लागली तेव्हा डॉक्टर खूश झाले, म्हणजे किडनी जिवंत होती. नंतर रेनोग्राम केला, म्हणजे कोणती किडनी किती काम करते ते मोजणारा स्कॅन, त्यात डावीचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आला. हा आकडा का बघतात ते मला तेव्हा समजलं. किडनीचं काम वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली गेलेलं असेल तर नळी उघडूनही ती टिकण्याची शक्यता कमी होते.

पाठीतल्या नळीसोबत राहणं सोपं नाही. झोपताना कुशी बदलली की ओढ बसते. पिशवी कायम किडनीच्या खाली राहिली पाहिजे, नळी मुडपली तर निचरा थांबतो, ड्रेसिंग ओलं झालं तर लगेच बदलायचं. सगळ्यात जास्त भीती असते ती नळी निसटायची. आम्ही पिशवी मांडीला पट्ट्याने बांधायचो आणि पाठीजवळ नळीचा एक सैल वेढा ठेवून त्यावर चिकटपट्टी लावायचो, म्हणजे चुकून ओढ बसलीच तर आधी वेढा सुटेल, आतली नळी हलणार नाही. हे एका नर्स सिस्टरांनी दाखवलं होतं, ज्यांच्या घरी कुणाला अशी नळी आहे त्यांनी हे जरूर विचारून घ्या.

मग प्रश्न आला पुढे काय. आधी वरून, पाठीच्या नळीतून, निसरडी वायर खाली सोडून बघितली होती, ती अडथळ्यापाशी गुंडाळून परत आली. मूत्राशयाच्या बाजूनेही वायर वर जाईना. मग एकाच वेळी वरून आणि खालून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्सरेत दिसणारं औषध, सोडून एक्सरे काढला. त्या फोटोत वरून एक जाड काळी रेघ खाली येऊन टोकाला निमुळती होत संपत होती आणि खालून एक बारीक रेघ वर येऊन संपत होती, आणि मध्ये काहीच नाही. डॉक्टरांनी स्क्रीनवर त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही कडांना नखं टेकवली आणि म्हणाले, सात-आठ मिलिमीटर. ताईने विचारलं, एवढ्यासाठी? ते म्हणाले, हो, आणि एवढंच आहे म्हणूनच पोट न कापता दुर्बिणीने आतूनच वाट मोकळी करायचा विचार करता येतोय. सगळं पुढचं या एका मापावर ठरतं. अंतर एक सेंटिमीटरच्या आत असेल तर प्रयत्न करण्यात अर्थ असतो, दोनच्या पुढे गेलं की दुर्बिणीतून केलेलं टिकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नळीच्या खालच्या भागातल्या अशा इजेसाठी खात्रीचा उपाय म्हणजे नळी वरच्या चांगल्या भागात कापून मूत्राशयाला नव्याने जोडणं, ओपन किंवा लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटने. नळी अपुरी पडली तर मूत्राशय वर ओढून घेतात किंवा मूत्राशयाच्याच भिंतीची पट्टी वळवून नळीसारखी लावतात, तिला बोआरी फ्लॅप म्हणतात. याचं यश बरंच जास्त आहे आणि आमच्या डॉक्टरांनी ते आधी सांगितलं, दुर्बीण नंतर. दुर्बिणीचं यश त्याहून कमी, तेही त्यांनी लपवलं नाही. पण ताईचं पोट नुकतंच एकदा उघडलं होतं, आत चिकटलेलं होतं, वजन उतरलेलं होतं, आणि अंतर कमी होतं. शिवाय दुर्बिणीचं फसलं तरी मोठ्या ऑपरेशनचा रस्ता सहसा बंद होत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः ठरवलं. कन्सेंट फॉर्मवर सही करताना तिने रक्तस्राव, आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा, रस्ता न सापडणं आणि पुन्हा बंद होणं, या चारही ओळी मोठ्याने वाचल्या, मला अजून तिचा तो आवाज आठवतो.

ऑपरेशनचं रेकॉर्डिंग नंतर आम्हाला दाखवलं. दोन डॉक्टर, दोन दुर्बिणी, दोन स्क्रीन. एक दुर्बीण पाठीच्या छिद्रातून किडनीत आणि तिथून नळीत खाली उतरलेली, दुसरी लघवीच्या मार्गाने मूत्राशयात आणि तिथून नळीत वर चढलेली. दोन्ही आपापल्या बाजूने जिथे रस्ता संपतो तिथे जाऊन थांबल्या. खालच्या स्क्रीनवर दिसत होता एक फिकट पांढरा, सपाट खळगा, त्याला कुठे भोक नाही की फट नाही. आजूबाजूचं अस्तर गुलाबी, बारीक रक्तवाहिन्यांचं, आणि मधला भाग मात्र पुसल्यासारखा कोरडा. पाण्याच्या धारेत दोन-तीन तंतू हलत होते, बस.

मग ऑपरेशन थिएटरमधले दिवे मंद केले, एक्सरेचं सी-आर्म मशीन आधी समोरून आणि मग बाजूने फिरवून दोन्ही दुर्बिणींची टोकं एका रेषेत आणली, कारण एका बाजूने समोरासमोर दिसणारी टोकं दुसऱ्या बाजूने बघितली तर एकमेकांना चुकलेली असू शकतात. आणि मग खालच्या दुर्बिणीचा लाइट बंद केला. स्क्रीन काळी झाली. काही क्षणांनी त्या काळ्यात डावीकडे वर एक मळकट लाल ठिपका उमटला, तळहातामागे टॉर्च धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात ना, तसा. वरच्या दुर्बिणीचा उजेड व्रणातून आरपार येत होता. मला वाटलं होतं तो मधोमध येईल, पण तो कडेला होता, म्हणजे खळग्याच्या बरोबर मध्ये कापलं असतं तर रस्ता नळीच्या बाहेर गेला असता. डॉक्टर म्हणाले म्हणूनच हा खटाटोप. डोळ्यांना जे मध्य वाटतं ते खरं नसतं, उजेड जिथे सगळ्यात तेजस्वी तिथे व्रण सगळ्यात पातळ.

लाइट पुन्हा लावून, त्या जागेवर नजर ठेवून, होल्मियम लेसरने थोडं थोडं कापलं. या लेसरची ताकद पाण्यात चटकन शोषली जाते, म्हणून तो टोकासमोर अर्धा मिलिमीटरभरच खोल काम करतो आणि पलीकडचं सहसा भाजत नाही. थोडं कापायचं, थांबायचं, लाइट बंद करून पुन्हा उजेड बघायचं, सी-आर्म फिरवायचं, पुन्हा थोडं. काही ठिकाणी लेसरऐवजी वायरचं कडक टोक ढकलूनही हेच करतात. एका क्षणी फिकट तंतूंमधून वरच्या दुर्बिणीची गोल कड दिसली आणि रेकॉर्डिंगमध्येसुद्धा कुणीतरी हळूच "आली" म्हणालं ते ऐकू येतं.

लगेच वायर पुढे सारली, पलीकडच्या डॉक्टरांनी ती चिमट्याने पकडून ओढून घेतली. आता एकाच वायरचं एक टोक पाठीतून बाहेर आणि दुसरं लघवीच्या मार्गातून बाहेर. हे झालं की सर्जनच्या जिवात जीव येतो, कारण आता रस्ता हरवत नाही, जे काही घालायचं ते वायरवरून घालता येतं. मग बारीक फुगा त्या जागी नेऊन फुगवला, एक्सरेत फुग्याची कंबर आवळलेली दिसत होती ती हळूहळू सरळ झाली, आणि शेवटी डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी, वरचं वळण किडनीत, खालचं मूत्राशयात. ती वळणं असतात म्हणून स्टेंट जागेवर राहतो, १९७८ मध्ये फिनी यांनी हा आकार मांडला, त्याआधी सरळ नळ्या खाली घसरायच्या किंवा वर सरकायच्या.

बाहेर आल्यावर नातेवाईकांना सांगायला आमच्याकडे चांगली बातमी होती, टाका जवळपास नाही, पोट कापलं नाही, लवकर घरी. पण मला या सगळ्यात जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. दुर्बिणीने फक्त वाट मोकळी केली. नळी अजून तयार झालेली नाही. १९४३ साली डेव्हिस नावाच्या सर्जननी दाखवलं होतं की अरुंद नळीला उभी चीर देऊन ती न शिवता आत फक्त एक नळी ठेवली, तर शरीर त्या नळीभोवती स्वतःहून भिंत बांधतं, आधी अस्तर पसरतं, मग स्नायू येतो, आणि याला साधारण सहा आठवडे लागतात. आजच्या सगळ्या दुर्बिणीतल्या उपचारांच्या मुळाशी हेच आहे. लेसर नवा, कॅमेरा नवा, पण भरून येणं शरीराच्याच गतीने होणार.

आणि इथेच पूर्ण बंद नळीची अडचण आहे. नळी नुसती अरुंद असेल तर चीर दिल्यावरही जुन्या अस्तराची एक पट्टी शिल्लक असते, तिच्या कडांवरून नवं अस्तर पसरतं. पूर्ण बंद झालेल्या त्या सात-आठ मिलिमीटरमध्ये अशी पट्टीच नसते, अस्तराला वरच्या आणि खालच्या टोकाकडूनच यावं लागतं, आणि ते पोचायच्या आत व्रण पुन्हा आवळायला लागू शकतो. म्हणून अंतर कमी हवं, म्हणून स्टेंट पुरेसा काळ हवा, म्हणूनच रेडिएशन घेतलेल्यांमध्ये, जिथे आजूबाजूचा रक्तपुरवठाच कमी झालेला असतो, हे कमी टिकतं. ज्यांचं मूत्राशय काढून नळ्या आतड्याला जोडलेल्या असतात त्यांच्यातही तो जोड बंद पडतो आणि हीच उजेडाची पद्धत तिथे वापरतात, पण तिथलं यशही जागेच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं. मशीन कितीही भारी असो.

स्टेंटचे आठवडे ताईला जड गेले. सतत लघवी लागल्यासारखं वाटायचं, लघवी करताना डाव्या कमरेत चमक यायची, जास्त चालणं झालं की लघवी गुलाबी व्हायची. स्टेंट आत असताना मूत्राशयातलं प्रेशर उलटं किडनीपर्यंत जाऊ शकतं, म्हणून ती चमक. हे आधी नीट सांगितलेलं असेल तर माणूस घाबरत नाही. स्टेंटचा त्रास कमी करायला टॅमसुलोसिन नावाची गोळी दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, थोडा आराम पडला. ताप, थंडी, गुठळ्या किंवा लघवी अडणं यातलं काहीही झालं तर मात्र लगेच यायचं, असं बजावून सांगितलं होतं. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते, स्टेंट काढायची तारीख कुणीतरी एकाने घरात आपल्या जबाबदारीवर घ्या. त्रास कमी झाला की लोक विसरतात, आणि विसरलेल्या स्टेंटवर क्षार जमून तो दगडासारखा होतो, मग तो काढणं हेच वेगळं ऑपरेशन होऊन बसतं, कधी किडनीही जाते.

ताईची पाठीची नळी काही काळ ठेवली होती. मग त्यातून कॉन्ट्रास्ट सोडून बघितलं, तो सरळ खाली मूत्राशयात उतरला, नळी बंद करून ठेवली तरी कमरेत दुखलं नाही की ताप आला नाही, तेव्हा काढली. त्या रात्री ती पहिल्यांदा उताणी झोपली. पुढे स्टेंटही निघाला, जागा बधिर करून, छोट्या दुर्बिणीतून, काही मिनिटांत.

आता खरी परीक्षा चालू आहे. पुन्हा बंद व्हायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच कळतं. सोनोग्राफीत तिची डावी किडनी अजून थोडी फुगलेली दिसते, पण बराच काळ ताणलेली किडनी मोकळी झाल्यावरही सैल राहू शकते, नुसत्या सोनोग्राफीवरून अडथळा आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी लघवीचं औषध देऊन करायचा रेनोग्राम लागतो, त्यात स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य किडनीतून किती वेळात उतरतं ते दिसतं. पहिला स्कॅन चांगला आला, डावीचा वाटा तेवढाच आहे, उतार मोकळा आहे. दुसरा काही महिन्यांनी आहे.

परवा ताई फोनवर म्हणाली, अगं काही दुखत नाही मला, आता कशाला तो स्कॅन. मी तिला म्हटलं, तुझं मागच्या वेळीही दुखायचं थांबलंच होतं. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अपॉइंटमेंट सकाळची घे, जुन्या स्कॅनची सीडी आणि स्टेंटचं कार्ड फाइलमध्ये आहे का ते बघते. आणि स्कॅनमध्ये उतार मंदावलेला निघाला तर नळी नव्याने जोडायचं ऑपरेशन करायचं, किडनी वाट बघत बसवायची नाही, हे तिने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय.